दगड, वीट आणि मतपत्रिकेवरचं तिसरं नाव

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक भांडण ठरलेलं असतं. एक बाजू बजावते, तिसऱ्या पक्षाला मत देणं म्हणजे समोरच्याला निवडून देणं. दुसरी बाजू उसळून विचारते, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून ती कपाळात घालून घ्यायची का? पहिली दुसरीला बेजबाबदार ठरवते, दुसरी पहिलीला मिंधी. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांत, जिथे आईवडिलांनी नागरिकत्व घेतलंय आणि मुलं पहिल्यांदा मतदानाला निघाली आहेत, तिथेही हा वाद याच शब्दांत होतो. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक असतात. पण दोघंही एक चुकीची गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे या प्रश्नाचं देशभरातल्या सगळ्या मतदारांसाठी एकच उत्तर आहे.

माझी भूमिका आधीच मांडतो. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याला वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत पहिला येणारा ती सगळी घेतो. मताचं वजन तीन गोष्टींवर ठरतं: तुम्ही कुठल्या राज्यात राहता, तिथली मोजणी कशी होते, आणि त्या मतातून तिसऱ्या पक्षाच्या पदरात नेमकं काय पडणार आहे. लढत अटीतटीची असेल तिथे दोन मोठ्या उमेदवारांपैकी कमी नुकसान करणाऱ्याला मत द्यावं. निकाल खरोखरच ठरलेला असेल तिथे तिसऱ्याला खुशाल द्यावं, पण त्या पक्षाचं उद्दिष्ट तपासून. आणि तिसऱ्याला मत देणाऱ्यांना जे दटावतात, त्यांनी मोजणीचा नियम बदलण्यासाठी झटावं. ते झटत नसतील तर त्यांच्या दटावण्याला अर्थ नाही.

आधी साधं गणित. ‘स्टाईनला मत म्हणजे ट्रम्पला मत’ हे वाक्य गेल्या काही निवडणुकांत इतक्यांदा म्हटलं गेलं की ते कुणी तपासून पाहत नाही. समजा दोन उमेदवारांना शंभर-शंभर मतं आहेत. पहिल्याचा एक मतदार उठून दुसऱ्याकडे गेला तर आकडे ९९ आणि १०१ होतात, फरक दोनाचा. तोच मतदार तिसऱ्याकडे गेला तर ९९ आणि १००, फरक एकाचा. म्हणजे आरोप जेवढा मोठा केला जातो, त्याच्या निम्मंच नुकसान होतं. तो मतदार एरवी घरीच बसणार असेल तर नुकसान शून्य. शिवाय आरोप करणारे सोयीचे आकडे तेवढे उचलतात. २०१६ मध्ये मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले आणि पर्यावरणवादी ग्रीन पक्षाच्या जिल स्टाईन यांना ५१,४६३ मतं पडली, हे पाठ असतं. त्याच राज्यात सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांनी १,७२,१३६ मतं घेतली, त्यातली कितीतरी एरवी रिपब्लिकन पक्षाकडे गेली असती, हे कुणी सांगत नाही. २०२० मध्ये जॉर्जियात बायडेन ११,७७९ मतांनी जिंकले. लिबर्टेरियन जो जॉर्गन्सन यांना ६२,२२९ मतं होती. ॲरिझोनात फरक १०,४५७, जॉर्गन्सन यांची मतं ५१,४६५. तेव्हा ‘मतं खाल्ली’ म्हणून गळा काढणारे दुसऱ्या बाजूचे होते. ज्याचा उमेदवार पडतो, त्याला त्या वर्षी मतविभाजन आठवतं.

मग मतविभाजन हा निव्वळ बहाणा आहे का? नाही, आणि इथेच तिसऱ्या पक्षाचे समर्थक डोळे मिटून घेतात. २००० मध्ये फ्लोरिडात रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि डेमोक्रॅट अल गोर यांच्यात ५३७ मतांचा फरक राहिला आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं पडली. नेडर यांच्या बाजूने दोन मुद्दे येतात आणि दोन्ही खरे आहेत. त्या मतपत्रिकेवरच्या प्रत्येक छोट्या उमेदवाराला ५३७ पेक्षा जास्त मतं होती. सोशलिस्ट वर्कर्स पार्टीच्या उमेदवाराला ५६२ होती, मग दोष एकट्या नेडरांनाच का? आणि पाम बीच काउंटीतल्या ‘फुलपाखरी’ मतपत्रिकेवर नावं दोन्ही पानांवर आणि छिद्रं मधल्या एकाच रांगेत होती, त्यामुळे गोर यांची बरीच मतं दुसरेच एक उमेदवार पॅट ब्युकॅनन यांच्या छिद्रात गेली. मान्य. पण घटनेला दहा कारणं असली म्हणून त्यातलं एक नाहीसं होत नाही. नेडर यांच्या दर हजार मतदारांमागे गोर यांना निव्वळ सहा मतं जास्त मिळाली असती, तरी निकाल फिरला असता. न्यू हॅम्पशायरमध्ये फरक ७,२११ होता आणि नेडर २२,१९८. ते एक छोटं राज्य मिळालं असतं तरी फ्लोरिडाची गरज उरली नसती. मतपत्रिकेची रचना मतदाराच्या हातात नव्हती, फेरमोजणी थांबवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही नव्हता. कुणापुढे छिद्र पाडायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

‘मत कुणाच्या बापाचं नाही’ हा तिसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो मला पूर्ण मान्य आहे. कुठलाही पक्ष कुणाच्याही मतावर हक्क सांगू शकत नाही; मत मागावं लागतं, मिळवावं लागतं. ते मिळालं नाही तर दोष आधी उमेदवाराचा. पण मत माझ्या मालकीचं असेल, तर त्याच्या परिणामातला माझा वाटाही माझ्याच मालकीचा होतो. मालकी घ्यायची आणि परिणाम उमेदवारावर ढकलायचा, हे एका वेळी कसं जमेल?

‘माझ्या एका मताने काय होतं’ हा युक्तिवाद लवकर संपवता येतो. एका मताने निकाल फिरत नसेल, तर एका मताने पक्षाला ‘संदेश’ही जात नाही. दोन्ही गोष्टी हजारो माणसांनी एकाच विचाराने वागल्यावरच घडतात. म्हणून मतदाराने स्वतःला विचारायचं ते असं: माझ्यासारखा विचार करणारे माझ्या राज्यातले सगळे असेच वागले तर काय होईल?

आता नैतिक मुद्दा, जो मला खरोखर जड वाटतो. २०२४ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्न शहरात, जिथे अरब-अमेरिकन वस्ती मोठी आहे, ट्रम्प पहिले आले, हॅरिस दुसऱ्या आणि स्टाईन यांना सुमारे १८ टक्के मतं पडली. ज्यांचे नातेवाईक गाझात किंवा दक्षिण लेबनॉनमध्ये मारले गेले, त्यांना ‘दुसरा आणखी वाईट आहे’ हे सांगायला कुणाची जीभ रेटेल? काही कृत्यांना आपला हात लागू नये, ही भावना लोकशाहीबाहेरची नाही. (आकड्यांपुरतं सांगायचं तर त्या वर्षी मिशिगनमधला फरक ८०,१०३ होता आणि स्टाईन यांची मतं ४४,६०७, निकाल त्यांच्यामुळे ठरला नाही.) पण हाच पेच अमेरिकेत १८० वर्षांपूर्वी अक्षरशः असाच उभा राहिला होता, आणि तेव्हाचा प्रश्न गुलामगिरीचा होता.

१८४४ ची निवडणूक. डेमोक्रॅट जेम्स पोक गुलाम बाळगणारे, तेव्हाच्या दुसऱ्या मोठ्या, व्हिग पक्षाचे हेन्री क्ले हेही गुलाम बाळगणारे. गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाने जेम्स बर्नी यांना उभं केलं. त्यांच्या मतदारांचं म्हणणं सरळ होतं: माणसं विकत घेणाऱ्याला आमचं मत नाही. यापेक्षा स्वच्छ भूमिका कुठली असणार? पण दोन गुलामधारकांत एक मोठा फरक होता. टेक्सास हे गुलामगिरीचं राज्य ताबडतोब अमेरिकेत घ्यायचं, असं पोक उघड म्हणत होते. क्ले त्याबाबत सावध होते, पुढे डळमळीतही झाले. न्यूयॉर्कमध्ये पोक ५,१०६ मतांनी जिंकले आणि बर्नी यांना १५,८१२ मतं पडली. न्यूयॉर्कची ३६ इलेक्टोरल मतं क्ले यांच्याकडे गेली असती तर अध्यक्ष क्ले झाले असते. १८४५ मध्ये टेक्सास राज्य म्हणून दाखल झालं, १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटलं आणि जिंकलेल्या प्रचंड मुलखात गुलामगिरी न्यायची की नाही यावरून देश यादवीकडे सरकत गेला. ज्यांनी हात स्वच्छ ठेवले, त्यांच्या मतांच्या बेरजेतून त्यांच्याच ध्येयाच्या विरुद्ध दिशेला पहिलं पाऊल पडलं.

याला दिलं जाणारं उत्तर मी अनेकदा ऐकलंय: पण त्याच लिबर्टी पक्षातून पुढे फ्री सॉइल पक्ष आला, त्यातून रिपब्लिकन पक्ष आणि १८६० मध्ये लिंकन! म्हणजे तिसऱ्याला दिलेली मतं वाया गेली नाहीत. या इतिहासातला एक दुवा नेहमी गाळला जातो. फ्री सॉइल पक्षाने १८४८ मध्ये माजी अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांना उभं केलं आणि दहा टक्के मतं घेतली. इलेक्टोरल मत एकही मिळालं नाही. पण त्याच सुमारास ओहायोच्या विधिमंडळात दोन्ही मोठे पक्ष बहुमताला कमी पडले आणि मूठभर फ्री सॉइल सदस्यांच्या हातात काटा आला. त्यांनी सौदा केला. १८४९ मध्ये सॅमन चेस यांना अमेरिकेच्या सेनेटमध्ये पाठवून घेतलं आणि कृष्णवर्णीयांवर निर्बंध घालणारे राज्यातले कायदे मोठ्या प्रमाणात रद्द करून घेतले. अध्यक्षपदाच्या दहा टक्के मतांनी जे दिलं नाही, ते विधिमंडळातल्या मोजक्या जागांनी दिलं. आणि रिपब्लिकन पक्ष जन्मला तो नव्या मुलखात गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने व्हिग पक्ष फुटला तेव्हा. त्याने आधी राज्यं आणि प्रतिनिधिगृह जिंकलं, मग सहा वर्षांनी अध्यक्षपद. तो तिसरा म्हणून जिंकलाच नाही; जिंकेपर्यंत तो दुसरा झालेला होता.

मग दबावाचं काय? तिसरा पर्याय नसेल तर मोठे पक्ष आपल्याला गृहीत धरतील, हे खरंच आहे, आणि या दबावाने कधीकधी काम केलेलंही आहे. १८९२ मध्ये पीपल्स पार्टीच्या जेम्स वीव्हर यांनी साडेआठ टक्के मतं आणि २२ इलेक्टोरल मतं घेतली. त्यांच्या जाहीरनाम्यातला चढता आयकर आणि सेनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ पर्यंत घटनेत गेल्या. १९९२ मध्ये अपक्ष उद्योगपती रॉस पेरो यांनी १८.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९७ लाख मतं घेऊन अर्थसंकल्पी तूट हा विषय दोन्ही पक्षांच्या माथी मारला. पण या यशाची जात ओळखली पाहिजे. मागणी नेमकी होती, मोजता येणारी होती आणि मोठ्या पक्षाला ती उचलून स्वतःची म्हणता येत होती. जिथे मागणी ‘संपूर्ण व्यवस्था सडली आहे’ अशी असते, तिथे मोठा पक्ष उचलणार काय? नेडर यांच्या २००० मधल्या उमेदवारीनंतर डेमोक्रॅटिक पक्ष ग्रीनच्या दिशेने सरकला का? चार वर्षांनी त्याने उभे केले जॉन केरी, ज्यांनी २००२ मध्ये इराक युद्धाच्या अधिकार-ठरावाला मत दिलं होतं.

उलट पक्षाच्या आत शिरून लढलेल्यांचा हिशेब पाहा. बर्नी सँडर्स २०१६ मध्ये अपक्ष उभे राहिले नाहीत. डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उतरले, सुमारे १ कोटी ३२ लाख मतं घेतली, हरले, आणि तासाला १५ डॉलर किमान वेतन पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहून घेऊनच थांबले. दुसऱ्या टोकाला रॉन पॉल: १९८८ मध्ये लिबर्टेरियन उमेदवार म्हणून अर्धा टक्काही मतं नाहीत, २०१२ च्या रिपब्लिकन प्रायमरीत वीस लाखांहून अधिक. प्रायमरीत मतदान कमी होतं, उमेदवार जास्त असतात, म्हणून एकेका मताचं वजन वाढतं. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातली डेमोक्रॅटिक प्रायमरी नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले आणि तिथून त्यांचा काँग्रेसमधला प्रवेश जवळजवळ ठरला. जो माणूस नोव्हेंबरमध्ये तावातावाने ‘दोघंही नकोत’ म्हणतो, त्याने त्या वर्षीच्या प्रायमरीत मत दिलं होतं का, हे मी त्याला पहिल्यांदा विचारेन.

मराठी मतदाराच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. तो इथली राजकीय सवय घेऊन तिथे जातो. महाराष्ट्रात तिसऱ्या ताकदीला मत देण्याचे दोन्ही परिणाम आपण पाहिले आहेत. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने १,६६,१९६ मतं घेतली. ‘भाजपची बी टीम’ हा आरोप तेव्हापासून सुरू आहे. पण त्याच आघाडीच्या साथीने लढलेले एमआयएमचे इम्तियाज जलील औरंगाबादमध्ये ४,४९२ मतांनी निवडूनही आले. एखाद्या मतदारसंघात ताकद एकवटली तर तिसरा जिंकू शकतो, आणि जिंकला नाही तरी निकालानंतर आघाड्या होतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांनी सरकार बनवलंच. अमेरिकेच्या अध्यक्षपदाला यातलं काहीच लागू नाही. खुर्ची एक, तिची वाटणी नाही, निकालानंतर पाठिंब्याचं पत्र द्यायची सोय नाही. ४८ राज्यांत आणि राजधानीत ज्याला एक मत जास्त त्याला सगळी इलेक्टोरल मतं. त्यामुळे पेरो यांना देशभर पसरलेल्या जवळपास १९ टक्क्यांवर एकही इलेक्टोरल मत मिळालं नाही आणि जॉर्ज वॉलेस यांना १९६८ मध्ये दक्षिणेत एकवटलेल्या साडेतेरा टक्क्यांवर ४६ मिळाली. आणि तिसऱ्याने खरोखरच मुसंडी मारली, ५३८ पैकी २७० कुणालाच मिळाली नाहीत, तर? तर निवड प्रतिनिधिगृहात जाते. तिथे पहिल्या तिघांतून निवडायचं असतं आणि प्रत्येक राज्याला एक मत असतं: ५२ सदस्यांच्या कॅलिफोर्नियालाही एक, एका सदस्याच्या वायोमिंगलाही एक. १८२४ मध्ये असंच झालं. अँड्र्यू जॅक्सन ९९ इलेक्टोरल मतं घेऊन पहिले होते, गृहाने ८४ वाल्या जॉन क्विन्सी ॲडम्सना अध्यक्ष केलं. तिसऱ्याचं अर्धं यश म्हणजे निर्णय मतदारांच्या हातून काढून गृहातल्या पक्षीय बेरजेच्या स्वाधीन करणं.

म्हणून प्रत्यक्ष ठरवताना सुरुवात राज्यापासून करावी. सर्वेक्षणांचा भरवसा किती धरायचा, याचं माप विस्कॉन्सिनने २०२० मध्ये दिलं: सर्वेक्षणांची सरासरी बायडेन यांना सात-आठ टक्क्यांची आघाडी देत होती, मिळाली ०.६. तेव्हा पाच-सहा टक्क्यांची आघाडी म्हणजे ‘सुरक्षित’ असं कुणी समजू नये. मागच्या दोन-तीन निवडणुकांत आणि शेवटच्या दोन आठवड्यांच्या सर्वेक्षणांत, दोन्हीकडे दहाच्या वर फरक असेल तरच निकाल ठरलेला मानावा. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: २०२० मध्ये तिथला फरक जवळपास १६ टक्के होता, २०२४ मध्ये तो सहाच्या आत आला. मेन आणि नेब्रास्का इथे राज्याबरोबर आपला काँग्रेस मतदारसंघही पाहावा लागतो. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराचा मतदार रिपब्लिकन वर्चस्वाच्या राज्यात राहतो, पण त्याच्या मतदारसंघाचं एक इलेक्टोरल मत अटीतटीचं असतं.

राज्य सुरक्षित निघालं, तर पुढचा प्रश्न: तिसऱ्या पक्षाला माझ्या मताने काय मिळणार? देशभरात पाच टक्के मिळाली तर पुढच्या निवडणुकीत सरकारी निधीचा वाटा मिळतो. ग्रीन पक्षाने २००० मध्ये यासाठीच जोर लावला होता आणि तो २.७४ टक्क्यांवर अडकला. निधी मिळूनही काय बिघडतं ते पेरो यांनी पुढे काढलेल्या रिफॉर्म पक्षाने दाखवलं. पेरो यांच्या १९९६ मधल्या ८.४ टक्क्यांवर त्या पक्षाला २००० साठी सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, त्या पैशासाठी आत जुंपली, आणि उमेदवाराला अर्धा टक्काही मतं पडली नाहीत. पैसा आला, पण गावोगावी नगरसेवक, शाळा मंडळाचे सदस्य, कार्यकर्ते असा पक्षच नव्हता. त्यापेक्षा राज्यातली पात्रता जास्त हाताशी असते. न्यूयॉर्कमध्ये २०२० पासून पक्षाला मतपत्रिकेवरची जागा टिकवायची तर दर दोन वर्षांनी १,३०,००० मतं किंवा दोन टक्के, यांतलं जे जास्त असेल ते लागतं. आधी ५०,००० मतं पुरत आणि तीही चार वर्षांतून एकदा. नव्याने यायचं तर सहा आठवड्यांत ४५,००० सह्या. परिणाम असा की २०२४ मध्ये त्या अवाढव्य राज्यात अध्यक्षपदासाठी छापील नावं दोनच होती. तुमच्या राज्यात असा उंबरठा काय आहे आणि पक्ष त्याच्या जवळ आहे का, हे पाहून दिलेलं मत सुरक्षित राज्यात खरंच कामी येतं.

काही बारीक गोष्टींत मतं अक्षरशः कचऱ्यात जातात. हाताने नाव लिहायचं ठरवलं तर बहुतेक राज्यांत त्या उमेदवाराने आधी नोंदणी केलेली असावी लागते, नाहीतर ते मत कुणाच्याच खात्यात मोजलं जात नाही. रागाच्या भरात दोन नावांपुढचे गोल भरले तर अध्यक्षपदाचं मत बाद. उमेदवाराने माघार घेतली म्हणून नाव निघतंच असं नाही: रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये प्रचार थांबवला, तरी मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकांवर त्यांचं नाव राहिलं. अध्यक्षपदाची जागा कोरी सोडली तर खालची सगळी मतं ग्राह्य राहतात. तेव्हा दोघंही नको असतील म्हणून घरी बसायचं कारण नाही, विधिमंडळ आणि शाळा मंडळ त्याच कागदावर असतं. सुरक्षित आणि चुरशीच्या राज्यांतल्या मतदारांनी मतांची अदलाबदल करण्याचा प्रकार २००० मध्ये सुरू झाला, आणि पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या संघराज्य अपील न्यायालयाने २००७ मध्ये त्याला अभिव्यक्तीचं संरक्षणही दिलं. पण समोरच्याने शब्द पाळला की नाही हे तपासता येत नाही, आणि भरलेल्या मतपत्रिकेचा फोटो काढणं काही राज्यांत गुन्हा आहे. मी यावर विसंबणार नाही.

आता नियमाकडे. हा सगळा हिशेब मतदाराला का करावा लागतो? कारण त्याला एकच नाव लिहायची मुभा आहे. मराठी वाचकाला यावरचा उपाय लांब शोधायला नको. भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक पसंतीक्रमाने होते, आणि १९६९ च्या त्या गाजलेल्या लढतीत तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिलेले. पहिल्या पसंतीचं मतमूल्य व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९, कुणाकडेच नव्हती. मग देशमुख आणि इतर उमेदवार बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. रेड्डी यांच्या खात्यात सुमारे ९२ हजारांची भर पडली, गिरी यांच्या खात्यात फक्त साडेअठरा हजारांची. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. त्या निवडणुकीवरून काँग्रेस फुटली, ‘विवेकाच्या मता’वरून रणं माजली. पण देशमुखांनी रेड्डींची मतं खाल्ली, असं म्हणायला जागा उरली नाही, कारण ती मतं पुढे गेली, मोजली गेली आणि तरीही कमी पडली. ज्यांनी देशमुखांना पहिली पसंती दिली, त्यांना दगड आणि विटेतही आपली निवड नोंदवता आली. फ्लोरिडातल्या ९७,४८८ लोकांना ही एवढी सोय असती तर?

अमेरिकेत मेनमध्ये २०२० पासून आणि अलास्कात २०२४ मध्ये अध्यक्षपदाचं मतदान असंच झालं. ही पद्धत निर्दोष नाही, हेही सांगितलं पाहिजे. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत निक बेगिच आमनेसामने कुणालाही हरवू शकले असते, तरी पहिल्या पसंतीत तिसरे आल्यामुळे तेच आधी बाद झाले. तिसरा उमेदवार दोघांच्या तोडीचा झाला की गुंता होतो. पण तो दोन-चार टक्क्यांचा असतो तोवर, म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या जवळपास प्रत्येक निवडणुकीत, मतविभाजनाचा प्रश्न या मोजणीने सुटतो. दुसरा मार्ग न्यूयॉर्कमध्ये जिवंत आहे: छोटा पक्ष मोठ्या पक्षाचाच उमेदवार आपल्या रांगेत उभा करतो आणि दोन्ही रांगांची मतं एकत्र मोजली जातात. वर्किंग फॅमिलीज पार्टीच्या रांगेत बायडेन यांना मत देणारा, किंवा कन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या रांगेत ट्रम्प यांना देणारा, निकालही राखतो आणि आपण कुठून आलो हेही मोजून दाखवतो. बहुतेक राज्यांनी ही पद्धत बंद केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली.

यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. इलेक्टर कसे निवडायचे हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. तरी मोठे पक्ष काय करतात? कॅलिफोर्नियात आणखी शहरांना स्थानिक निवडणुकीत पसंतीक्रम वापरू देणारं विधेयक २०१९ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नाकारलं. २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेव्हाडा, ओरेगॉन आणि आयडाहोच्या मतदारांसमोर हा प्रस्ताव आला आणि चारही ठिकाणी पडला; अलास्कात तो रद्द करण्याचा प्रयत्न सातशेहून थोड्या जास्त मतांनी फसला. आणि फ्लोरिडा, जिथे ५३७ मतांवर अख्ख्या देशाचं अध्यक्षपद ठरलं, तिथल्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये पसंतीक्रमाच्या मतदानावर राज्यभर बंदी घातली. पुढच्या वेळी तिसऱ्याला मत देऊ नका असं सांगायला कुणी दारात आलं, तर त्याच्या पक्षाने आपल्या राज्यात यातल्या कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं, ते त्याला तिथेच विचारावं.